दोन इंची पाइप अन् कापूस वेचायची मशीन

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात कापूस वेचणी यंत्रावर अर्धं पान आलं होतं. फोटो मोठा होता, फोटोत मशीन होती, मशीनीच्या बाजूला साहेब लोक उभे होते, पण कापूस वेचणारी एकही बाई त्यात नव्हती. लेख चांगलाच होता, मजूर मिळत नाही, वेचाई परवडत नाही, हे सगळं खरंच आहे, माझ्याच वावरात मागच्या डिसेंबरात दुसरा वेचा पंधरा दिवस फुटून लोंबत होता अन् बाया मिळत नव्हत्या. पण "आता फक्त चांगलं यंत्र तयार व्हायचं बाकी आहे" असं जे शेवटी लिहिलं होतं त्यावर मला चार शब्द लिहावेसे वाटले, कारण एका अशाच यंत्राच्या कामात मी दोन सीझन घालवले आहेत, अन् ते यंत्र आज माझ्या दुकानात मागच्या भिंतीला पोत्याखाली पडून आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यात एका तालुक्याच्या ठिकाणी फॅब्रिकेशनचं दुकान चालवतो. डवरे, वखराच्या पासा, ट्रॉलीचे हुक, ग्रामपंचायतीचे गेट, जे येईल ते. डिप्लोमा मेकॅनिकल केलेला आहे, अन् घरचं नऊ एकर कोरडवाहू वावर आहे, म्हणजे मशीन बनवणारा पण मीच अन् ज्याच्यासाठी मशीन बनते तो कास्तकार पण मीच. तरी पण फसलो, म्हणून लिहून राहिलो.

झालं असं की एका संस्थेचा (नाव घेत नाही, माणसं मनानं चांगली होती) प्रोजेक्ट आला, पाठीवर घ्यायची कापूस ओढायची मशीन, छोटं पेट्रोल इंजिन, सक्शनचा पाइप, मागं थैली. मला फ्रेम अन् क्लॅम्प बनवायचं काम होतं. पहिली मीटिंग एसी हॉलमधी झाली, चौदा लोक होते, मी मोजले. डिझाइनवाले, इंजिनवाले, पैसे देणाऱ्या विभागाचे दोघं, बँकेचे एक, एक बियाण्यातले तज्ज्ञ, एक फोटो काढणारा. चहा दोनदा झाला. कापूस वेचलेला माणूस फक्त मी, अन् मी पण पोट्टा असताना वेचलेला.

त्या ड्रॉइंगमधी लिहिलं होतं, "पाइप दोन इंची". मी बाप्पा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप समजलो, दोन इंची जीआयचा बाहेरून व्यास साठ मिलीमीटर येतो, त्या मापानं मी बारा क्लॅम्प कापले, वाकवले, ड्रिल मारले, पावडर कोटिंग करून पाठवले. तिकडं दुसऱ्या टीमनं वजन कमी करायला म्हणून मधातच पीव्हीसी घेतला. आता आपल्याकडं शेतीच्या दुकानात दोन इंची पीव्हीसी मागा, तुम्हाला त्रेसष्ट मिलीमीटरचा भेटते. दोघंही दोन इंचीच! तीन मिलीमीटरसाठी बारा क्लॅम्प फेकले अन् हातातला महिना गेला, तेव्हा कापूस फुटायला लागला होता अन् आमची ट्रायल नोव्हेंबरची जानेवारीत गेली. चूक माझी का त्यांची? खरं सांगू का, कोणाचीच नाही, पाइप बदलला हे मला सांगायचं काम कोणाचं आहे हेच ठरलेलं नव्हतं.

माझी पुतणी पुण्याला डिझाइनच्या कंपनीत आहे, तिला फोनवर हे सांगितलं तर ती हसली अन् म्हणे काका तुम्ही एअरबसच्या लाइनीत बसले. मग तिनं सांगितलं की ए ३८० म्हणून जगातलं सगळ्यात मोठं प्रवासी विमान बनत होतं, त्यात पाचशे किलोमीटरच्या वर वायर असते, अन् जर्मनीत हॅम्बुर्गचे इंजिनिअर डिझाइनच्या सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती वापरत होते अन् फ्रान्समधी तुलूजचे नवी. वायरींचे गठ्ठे विमानात बसवायला आले तर आखूड पडले. २००६ मधी हे बाहेर आलं अन् विमान जवळपास दोन वर्षं मागं गेलं. एवढी मोठी कंपनी, एवढे हुशार लोक! मला थोडं बरं वाटलं हे कबूल करतो. पण तिनं पुढं जे सांगितलं ते डोक्यात राहिलं, ती म्हणे काका, जोडावर जे दोन लोक उभे आहेत ते एकमेकांशी बोलत नसले तर जोडही बसत नाही, मशीन उघडून पाहायची गरज नाही, ऑफिसात कोण कोणाशी बोलते ते पाहा, मशीन कुठं तुटेल ते तिथंच दिसते.

पाइप तर नंतर बसला. खरी गंमत वावरात झाली.

ट्रायल घेतली ती पऱ्हाटी (कापसाचं झाड) होती संस्थेच्या प्लॉटवरची, कमरेइतकी, सरळ, एकसारखी. आकडे मस्त आले. मग म्हटलं आमच्या वावरात या. आमच्या वावरात हायब्रीड, चार बाय दीड फुटावर लावलेली, छातीइतकी, फांद्या एकमेकात गुंतलेल्या, खालची बोंडं फुटलेली, मधली हिरवी, वरती अजून पाती-फुलं. आता हे काही आमच्या अडाणीपणामुळं नाही. आपल्या देशात १९७० साली सुरतेहून एच-४ आलं, जगातलं पहिलं व्यापारी हायब्रीड कापसाचं, तेव्हापासून आपली बहुतेक पऱ्हाटी हळूहळू या वळणाची झाली, मोठं झाड, भरपूर बोंडं, अन् तीन-चार वेचे. का? कारण वेचायला हात होते. हात परत परत येऊ शकतात. झाड बनवणाऱ्यानं हे धरूनच झाड बनवलं, त्याचंही चूक नाही. मशीन मात्र एकदाच येते अन् तिला सगळं एकाच दिवशी फुटलेलं पाहिजे.

अमेरिकेत मशीननं वेचतात हे सगळे सांगतात. तिथं जॉन रस्ट नावाच्या माणसानं १९३० च्या दशकात चाती फिरवून कापूस गुंडाळून ओढायची मशीन काढली, त्याची गोष्ट अशी सांगतात की कापूस चातीला चिकटत नव्हता, मग त्याला आठवलं की आजी सूत काततांना चाती ओली करायची, त्यानं चाती ओली केली अन् जमलं. गोष्ट छान आहे, पोट्ट्यांना सांगायला तर मस्तच. पण मशीन जमल्यावरही तिथला जवळपास सगळा कापूस मशीनवर जायला १९७० च्या आसपासचं साल उजाडलं. एवढी वर्षं काऊन लागली? कारण झाड बुटकं करावं लागलं, पानं पाडायचं औषध यावं लागलं, जिनिंगमधी (कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात) कचरा काढायच्या वेगळ्या मशिनी बसल्या, अन् लाखो वेचणारे लोक वावरं सोडून शहरात गेले, ज्यांना कोणी विचारलं नव्हतं. म्हणजे मशीन एकटी नव्हतीच कधी. झाड, औषध, मशीन, जिनिंग अन् मजुरी ही एकच वस्तू आहे, पाच तुकड्यांत बनते एवढंच. हे पाच तुकडे आपल्याकडं पाच ऑफिसात बसतात अन् प्रत्येकजण आपल्या तुकड्याचा वेगळा रिपोर्ट पाठवते.

आता नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेनं सघन लागवड सांगितली आहे, तीन फूट बाय अर्धा फूट, झाड बुटकं, बोंडं जवळजवळ, एकदम फुटणारी. मला पटते, मशीनीला असंच झाड पाहिजे. पण माझ्या शेजारच्यानं हिशोब केला की बियाण्याची पाकिटं तिप्पट-चौपट लागतात, पाकीट नऊशे रुपयाचं, त्यावर वाढ रोखायची फवारणी, शेवटी पानं पाडायची फवारणी. अन् एवढं करून मशीन आलीच नाही तर? तर त्या दाट पऱ्हाटीत बाई वाकून वाकून वेचणार अन् तासाला कमी वेचणार, अन् दर जास्त मागणार. म्हणजे झाडवाला म्हणते मशीन येऊ द्या मग लावा, मशीनवाला म्हणते झाड लावा मग मशीन आणतो, अन् मधात कास्तकार धुऱ्यावर (बांधावर) उभा.

औषधाचं नाव काढलं की आमच्या जिल्ह्यात २०१७ आठवतेच. त्या खरिपात फवारणी करता करता यवतमाळ जिल्ह्यात वीसेक शेतकरी-मजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले, डोळे गेले काहींचे. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्यावर गेली होती, फवारा वर मारावा लागायचा अन् अंगावर पडायचा, पंप जोराचे आले होते, औषधं एकात एक मिसळून मारत होते, अन् हातमोजे तर त्या गरमीत कोणी घालत नव्हतं. नंतर सगळे म्हणाले आमचा पंप बरोबर आहे, आमचं औषध बरोबर आहे, आमचं बियाणं बरोबर आहे. असतीलही बाप्पा! वेगवेगळे तिन्ही बरोबर असतील, पण एका माणसाच्या पाठीवर, एका दुपारी, एका पऱ्हाटीत ते तिन्ही एकत्र आले तेव्हा काय होते हे कोणाच्याच टेबलावर नव्हतं. म्हणून आता नवीन फवारणीवर उभी असलेली नवीन मशीन येते म्हटलं की माझ्या पोटात गोळा येते, अन् हे मला मीटिंगमधी बोलता आलं नाही, कारण अजेंड्यावर फक्त "यंत्र" होतं.

आता बायांचं सांगतो, कारण लेखात तेच नव्हतं.

ट्रायलच्या दिवशी माझी काकू अन् तिच्या सोबतच्या चार बाया बोलावल्या होत्या, रोजी देऊन. काकू साठीच्या पुढं आहे, अजूनही दिवसाला तीसेक किलो सहज वेचते. तिच्या पाठीवर मशीन चढवली, अकरा किलोची. दोन तासी (ओळी) गेली अन् उतरवून ठेवली, म्हणे, "माझा नातू याच्याहून हलका आहे, अन् तो निदान गरम तर होत नाही." पोट्टे हसले. डिझाइनवाल्या पोरानं वहीत लिहिलं, "वजन कमी करणे". बरोबरच लिहिलं त्यानं. पण काकू नंतर धुऱ्यावर बसून जे बोलली ते त्यानं लिहिलं नाही, कारण ते वजनाच्या रकान्यात बसत नव्हतं.

ती म्हणे, भाऊ, आम्ही ओटी बांधतो, ओटीत आठ-दहा किलो झाला की धुऱ्यावर रिकामी करतो, तेवढंच पाणी पिणं होते, तेवढंच बोलणं होते. पोराला दूध पाजायचं असते एखादीला. मशीनची थैली कोणी रिकामी करायची, कधी करायची, ते तुम्ही ठरवणार. अन् संध्याकाळी काट्यावर माझा कापूस कोणता अन् हिचा कोणता? मशीन माझ्या पाठीवर, पेट्रोल मालकाचं, मग किलोचा दर किती? वेचाई दहा-बारा रुपये किलो चालू आहे, मशीनीवर तुम्ही तीन रुपये करणार ना?

साहेब, या एका प्रश्नावर चौदा लोकांची कमिटी दोन सीझनमधी एकदाही बोलली नव्हती. तासाला किती किलो एवढंच मोजत होते. पण वेचणी ही एकाच मापानं मोजायची गोष्टच नाही. दवाचंच घ्या. सकाळी दव असताना वेचला की वाळलेला पाला ओला असते, त्याचा चुरा होऊन कापसाला चिकटत नाही, कापूस स्वच्छ निघते. बाईला पण सकाळचं परवडते, ऊन नसते अन् ओला कापूस काट्यावर दोन मुठी जास्त भरते, खोटं काय बोलायचं. मालकाला स्वच्छ पाहिजे पण ओल्याचे पैसे द्यायचे नाहीत. खरेदी केंद्रावर आठ टक्के ओलावा धरतात, बारापर्यंत पैसे कापून घेतात, त्याच्या वर परत पाठवतात. जिनिंगवाल्याला ओला तर नकोच. एकच सकाळ, एकच कापूस, अन् चार माणसांचे चार हिशोब. पिढ्यान्पिढ्या याची कुठंतरी तडजोड झालेली आहे, म्हणून गाडं चालते. मशीन त्या तडजोडीत दुपारी बारा वाजता कडक उन्हात घुसते, वाळल्या पाल्याचा चुरा करून थैलीत भरते, अन् स्क्रीनवर आकडा दाखवते की बघा किती फास्ट!

माझ्या वावराचाच हिशोब सांगतो. समजा एकरी सहा क्विंटल झाला. वेचाई अकरा रुपयानं ६६०० रुपये. कापूस साडेसात हजारानं ४५ हजाराचा. मशीननं वेचाई अर्धी झाली समजा, ३३०० वाचले. छान. आता कचरा पाहून व्यापाऱ्यानं क्विंटलमागं तीनशे कापले, की १८०० गेले. अन् मशीननं दहा टक्के कापूस बोंडातच सोडला किंवा खाली पाडला, तर साठ किलो, म्हणजे ४५०० रुपये वावरात. पेट्रोल अजून धरलंच नाही. वाचले ३३००, गेले ६३००. आमच्या ट्रायलमधी किती राहिला ते मी सांगत नाही, ते आकडे संस्थेचे आहेत, पण काकू मागून जाऊन बोंडातला उरलेला वेचत होती अन् तिची ओटी बऱ्यापैकी भरली होती एवढं सांगतो.

याचा अर्थ मी मशीनीच्या विरोधात आहे असं समजू नका. आमच्या गावातल्या तरण्या पोरी वेचायला येत नाहीत अन् येऊ पण नये, कंबर मोडते, हाताला नख्या टोचून रक्त निघते, शिकून राहिल्या पोरी तर शिकू द्या. काकूच्या वयाच्या बाया संपल्या की हात संपले. दहा वर्षांनी हा प्रश्न दारात नाही, घरात येऊन बसणार. म्हणूनच मशीन पाहिजे, पण मशीन बनवणं म्हणजे लोखंड वाकवणं नाही हे मला बावीस वर्षं लोखंड वाकवून कळलं.

आपल्याच महाराष्ट्रात हे एकदा बरोबर झालेलं आहे, अन् आपण रोज त्याच्या बाजूनं जातो. गावातली बोअरिंगची हापशी. सत्तरच्या दशकात दुष्काळात देशभर बोअर मारले, त्यावर ओतीव लोखंडाचे पंप बसवले, जे मुळात एका घरासाठी होते, दोनशे-तीनशे माणसांनी दिवसभर हापसले की महिन्यात तुटायचे. तेव्हा जालन्याकडं अन् सोलापूरकडं मिशनच्या लोकांनी अन् आपल्याच मिस्तऱ्यांनी लोखंडी पत्र्याचा, एकाच ठिकाणी टेकलेला, साखळीनं रॉड ओढणारा पंप घडवला होता, तो टिकत होता. त्या सोलापूर पंपावरून युनिसेफ, सरकार अन् कारखाना यांनी मिळून इंडिया मार्क टू काढला. मला त्यातलं सगळ्यात आवडणारं काय, तर त्याचं ड्रॉइंग उघडं होतं अन् त्याचं स्टँडर्ड झालं, आयएस ९३०१, कोणत्याही कारखान्याचा हँडल कोणत्याही पंपाला बसला पाहिजे. म्हणजे माझा दोन इंचीवाला लफडा त्यांनी आधीच बंद करून टाकला होता.

पण गंमत पुढं आहे. मार्क टू मजबूत होता, तुटत नव्हता, सगळे खुश. मग लक्षात आलं की तुटत कमी होता पण तुटला की वायसर बदलायला सगळी पाइपलाइन वर ओढावी लागायची, तिवई लागायची, गाडी लागायची, जिल्ह्याहून माणसं यायची, अन् तोपर्यंत गाव डोक्यावर हंडे घेऊन नाल्यावर. मग मार्क थ्री काढला, खालचा पाइप बत्तीस मिलीमीटरचा पासष्टचा केला, म्हणजे पिस्टन पाइपमधूनच वर ओढता येते, पाइप न काढता, गावातला मिस्तरी दोन माणसं घेऊन करू शकते. पंप जवळपास तोच. बदललं काय, तर "चांगला पंप" कशाला म्हणायचं ते. आधी चांगला म्हणजे न तुटणारा, नंतर चांगला म्हणजे तुटल्यावर गावातच जुळणारा. हा बदल ऑफिसात बसून सुचला नसता, हापशीपाशी भांडी घेऊन उभ्या राहणाऱ्या बाईचा अन् वायसर बदलणाऱ्याचा दिवस मोजला तेव्हाच सुचू शकतो. अर्थात मार्क थ्रीचा पाइप जाड, म्हणून महाग अन् वजनदार, त्याचीही कटकट आहेच, मी स्वतः ओढलेला आहे, खांदा आठवते.

कापसाचं मात्र उलटं झालं. २००० साली केंद्रानं कापूस तंत्रज्ञान मिशन काढलं, चार मिनी मिशन केली, पहिलं संशोधनाचं, दुसरं शेतात पोचवायचं, तिसरं बाजार समित्यांचं, चौथं जिनिंगचं. पहिलं-दुसरं शेतीवाल्यांकडं, तिसरं-चौथं कापडवाल्यांकडं. जिनिंग सुधारल्या, हे डोळ्यानं दिसते, आधी कापूस मातीत पडून राहायचा तिथं आता फरशी आहे. पण वेचणी? ती दुसऱ्या अन् तिसऱ्याच्या मधात पडते, वावर संपते अन् मार्केट सुरू व्हायचं असते तिथं. म्हणून ती कोणाचीच नाही. आपल्याकडं सीतादही करतो पहिल्या वेच्याला, पऱ्हाटीची पूजा, दहीभात, म्हणजे आपल्या आज्यांना माहीत होतं की या दिवशी काहीतरी महत्त्वाचं होते. सरकारी कागदात या दिवसाला रकाना नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की सबसिडीवर हजार मशिनी वाटायच्या आधी एक काम करा. एका शिवारात लागून लागून पन्नास एकर घ्या, पाच-दहा कास्तकार तयार होतात, मी बोलतो लोकांशी. एकच बियाणं, एकाच आठवड्यात पेरणी. पेरणीच्या आधीच जवळच्या जिनिंगवाल्याला बसवा अन् मशीनच्या कापसाला तो किती कापणार हे लेखी घ्या, तोंडी नको. त्याला कचरा काढायची मशीन पाहिजे असेल तर ती पण याच प्रोजेक्टमधी घ्या, नाहीतर तो कापणारच, त्याच्या जागी मी असतो तर मीही कापला असता. अन् मशीन कास्तकाराच्या नावावर देऊच नका, गावातल्या बायांच्या बचत गटाच्या नावावर द्या, दर त्या ठरवतील, थैली कधी रिकामी करायची ते त्या ठरवतील, मग पाहा डिझाइन कसं बदलते ते. इंजिन पाठीवरून उतरून चाकावर जाईल असा माझा अंदाज आहे, पण माझा अंदाज आधी पण चुकलेला आहे.

अन् या सगळ्यावर एकच माणूस ठेवा ज्याला विचारता येईल. कमिटी नको. असा माणूस पाहिजे ज्याला पाइप बदलला तर आधी कळते, अन् जो दोन वर्षांत बदली होऊन जात नाही. त्याचा पगार तासाला किती किलो यावर नको, सीझन संपल्यावर कास्तकाराच्या अन् काकूच्या दोघांच्याही हातात मागच्या वर्षीपेक्षा किती जास्त राहिले यावर ठेवा. दोघांच्या म्हटलं मी, एकाच्या नाही. एकाचं काढून दुसऱ्याला दिलं तर ते काही नवीन निघालं नाही, फक्त खिसा बदलला. हे जमणार नाही म्हणाल तर माझ्याकडं पण उत्तर नाही, पण मग निदान "फक्त यंत्र बाकी आहे" असं छापू नका.

तुमच्या बातमीदाराला यायचं असेल तर दिवाळीनंतर या, पहिला वेचा तेव्हाच असते. सकाळी सातच्या आत या, दव असते तोपर्यंत. पोत्याखालची मशीन काढून ठेवतो, बारा क्लॅम्प पण दाखवतो, फेकले म्हटलं पण फेकले नाहीत, चांगलं लोखंड आहे. काकूला पण सांगून ठेवलं आहे, ती म्हणे फोटो काढायचा असेल तर वेचतांना काढा, मशीनीशेजारी उभी राहणार नाही.

आपला,
एक फॅब्रिकेटर अन् कास्तकार,
जि. यवतमाळ